अहवालाआधीचे प्रश्न: परिचारिकांसाठीच्या एका जनुकशास्त्र अभ्यासक्रमाचे परीक्षण

परिचारिकांना जनुकशास्त्र शिकवणारे बहुतेक अभ्यासक्रम पेशीच्या आकृतीपासून सुरू होतात. मी नुकताच पूर्ण केलेला दूरस्थ अभ्यासक्रम एका रुग्णापासून सुरू होतो. मलेरियासाठी प्रायमाक्वीन सुरू केलेल्या तरुणाची लघवी तिसऱ्या दिवशी गडद होते, डोळे पिवळसर दिसू लागतात आणि हिमोग्लोबिन झपाट्याने उतरते. डॉक्टरांना शंका आल्याने जी६पीडी या विकराची (तो कमी असेल तर या औषधाने तांबड्या पेशी फुटतात) तपासणी पाठवली जाते आणि संध्याकाळी अहवाल येतो: पातळी सामान्य. रात्रपाळीच्या परिचारिकेपुढे औषधाचा पुढचा डोस आहे आणि अभ्यासक्रम तिला विचारतो की आता तुम्ही काय कराल.

मी या प्रश्नाचे उत्तर पहिल्या वेळी चुकीचे दिले, आणि त्याच क्षणी हा अभ्यासक्रम शेवटपर्यंत पूर्ण करायचे ठरवले. अहवाल सामान्य असला तरी या रुग्णात कमतरता असण्याची शक्यता कायम राहते, कारण ज्या जुन्या तांबड्या पेशींत हा विकर सर्वांत कमी असतो त्या आधीच फुटून गेलेल्या असतात. नळीत पोचलेल्या रक्तात तरुण पेशींचे प्रमाण वाढलेले असते, त्यांच्यात विकर तुलनेने जास्त असतो आणि यंत्र तेवढेच मोजते. म्हणून डोस थांबवून डॉक्टरांना कळवणे, रक्त देण्याची गरज पडेल का यावर लक्ष ठेवणे आणि प्रकृती पूर्ववत झाल्यावर, साधारण तीन महिन्यांनी, तपासणी पुन्हा करून घेण्याची नोंद ठेवणे हे परिचारिकेचे काम ठरते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. त्यामुळे रुग्णाच्या भावांची आणि मामांची चौकशी त्याच रात्री केसपेपरवर यायला हवी, हे उत्तराच्या शेवटच्या ओळीत सांगितले आहे. एका साध्या डोसच्या प्रश्नातून शरीरक्रिया, प्रयोगशाळेची मर्यादा आणि आनुवंशिकता अशा तिन्ही गोष्टी एकत्र आणणारी रुग्णकथा मी याआधीच्या कोणत्याही प्रशिक्षणात पाहिली नव्हती.

अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे जे गुणदोष लिहिले आहेत ते या विषयावरच्या कोणत्याही प्रशिक्षणाला लावून पाहावेत अशी माझी इच्छा आहे. अभ्यासक्रमात आठ विभाग आहेत, प्रत्येक विभागात एक मोठी रुग्णकथा आहे आणि शेवटी एक परीक्षा आहे. मी आधी प्रसूती विभागात आणि नंतर कर्करोगाच्या डे-केअरमध्ये काम केले आहे, तेव्हा माझे मत त्या दोन विभागांच्या अनुभवातून आलेले आहे हे वाचकाने लक्षात ठेवावे.

मूलभूत माहितीचा विभाग लहान आहे आणि तो लहानच असायला हवा होता. मानवी जनुकसंचात सुमारे ३ अब्ज बेस-जोड्या आणि प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत, तो वाचण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९० मध्ये सुरू होऊन २००३ मध्ये पूर्ण झाला, आणि प्रभावी, अप्रभावी व एक्स-संलग्न आनुवंशिकता कशी चालते, एवढे स्वच्छ आकृत्यांसह सांगून विभाग संपतो.

खरी किंमत कौटुंबिक इतिहासाच्या विभागाची आहे. आपण वॉर्डात प्रवेशाच्या वेळी "घरात कोणाला काही आजार?" असे विचारतो, "नाही" हे उत्तर मिळते आणि फॉर्मवर खूण होते. अभ्यासक्रम हा एकच प्रश्न फोडून दाखवतो. पन्नाशीच्या आत कोणी गेले का? कोणाचे वारंवार गर्भपात झाले का? शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर कोणाचा ताप अचानक खूप वाढला किंवा अंग ताठ झाले होते का? आणि हे सगळे आईकडचे तसेच वडिलांकडचेही विचारले का? भुलेविषयीचा प्रश्न मॅलिग्नंट हायपरथर्मियासाठी आहे. हा प्रभावी पद्धतीने पुढच्या पिढीत जाणारा आणि बहुतेक वेळा आरवायआर१ या जनुकाशी जोडलेला दोष असून, रुग्णाची आधीची एखादी भूल सुखरूप पार पडली म्हणून तो नाही असे मानता येत नाही. तेव्हा "याआधी ऑपरेशन झाले आहे, काही त्रास झाला नव्हता" हे समाधानकारक वाटणारे वाक्य प्रत्यक्षात प्रश्नाचे उत्तर देत नाही, ही जाणीव करून देणे मला फार महत्त्वाचे वाटते.

याच विभागात स्तनाच्या कर्करोगाची रुग्णकथा आहे. रुग्ण अडतीस वर्षांची आहे आणि आधीच्या नोंदीत "आईच्या बाजूस कर्करोग नाही, इतिहास निरंक" असे लिहिले आहे. तीन पिढ्यांची वंशावळ काढायला लावल्यावर कळते की वडिलांच्या आईला आणि एका आत्याला बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता. या दोन्ही कर्करोगांशी जोडलेले बीआरसीए१ हे जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए२ त्याच्या पुढच्या वर्षी ओळखले गेले. दोन्ही जनुकांतले घातक बदल वडिलांकडून मुलीकडे तितक्याच सहजतेने येतात, तरी स्त्रियांचा आजार म्हणजे आईकडून आलेला आजार ही समजूत नोंदींत अजूनही दिसते. वडिलांच्या बाजूला स्त्रिया मोजक्याच असतील तर घातक बदल दोन पिढ्या दिसतही नाही, आणि वंशावळीतल्या या शांततेचा अर्थ धोका नाही असा घेऊ नये, हे रुग्णकथा नीट पटवून देते. चौकोन, वर्तुळ, बाण आणि नात्यातल्या विवाहाची दुहेरी रेघ ही चिन्हे शिकवताना वय, निदानाचे वय आणि मृत्यूचे कारण प्रत्येक चिन्हाखाली लिहायला लावले आहे. मी तेव्हापासून तसेच लिहिते.

प्रसूतीपूर्व तपासणीच्या विभागाविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण येथेच परिचारिकेच्या एका वाक्याने एखाद्या कुटुंबाचा आठवडा, कधी त्यापेक्षाही बरेच काही, बदलतो. आईच्या रक्तात फिरणाऱ्या गर्भाच्या डीएनएची चाचणी, म्हणजे एनआयपीटी, साधारण दहाव्या आठवड्यापासून करता येते आणि डाउन सिंड्रोमसाठी ती "९९ टक्के अचूक" आहे असे सर्रास सांगितले जाते. अभ्यासक्रम येथे कागद आणि पेन घ्यायला लावतो. चाचणी बाधित गर्भांपैकी ९९ टक्के ओळखते आणि बाधित नसलेल्या हजारात एकाला चुकून पॉझिटिव्ह दाखवते असे धरू. आता अशा १०,००० गर्भवती घ्या की ज्यांच्यात दर हजारी एक गर्भ बाधित आहे. बाधित गर्भ १०, ते जवळजवळ सगळे सापडतील. उरलेल्या ९,९९० मधून सुमारे १० खोटे पॉझिटिव्ह येतील. म्हणजे वीस घरांना पॉझिटिव्ह अहवाल जाईल आणि त्यांतल्या निम्म्या घरांत गर्भाला डाउन सिंड्रोम नसेल. तीच चाचणी दर शंभरी एक गर्भ बाधित असलेल्या, म्हणजे साधारण चाळिशीच्या स्त्रियांच्या गटात वापरली तर ९९ खरे आणि १० खोटे पॉझिटिव्ह मिळून शंभरातले सुमारे ९१ अहवाल खरे ठरतात. यंत्र तेच, रसायन तेच आणि अहवालावरचा शब्दही तोच असताना अर्थ मात्र एका गटात निम्मा-निम्मा आणि दुसऱ्या गटात जवळजवळ पक्का होतो.

हे गणित मी आजवर कोणत्याही पुस्तकात परिचारिकेसाठी मांडलेले पाहिले नव्हते. डॉक्टरांनी ते करायचे आणि आपण फक्त नमुना घ्यायचा असे आपण धरून चालतो, पण अहवालाचा फोन झाल्यावर रडणारी बाई खोलीबाहेर येते तेव्हा तिच्यासमोर बहुधा आपणच असतो. "ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे, आणि निश्चितीसाठी गर्भजल तपासणीचा पर्याय आहे" हे वाक्य आकड्यांचा आधार समजलेल्या परिचारिकेच्या तोंडून वेगळ्या ठामपणाने येते. चाचणीत मोजला जाणारा डीएनए मुख्यतः वारेतून येतो, त्यामुळे दोष वारेपुरता मर्यादित असू शकतो, हे कारणही विभागात दिले आहे. "निकाल मिळाला नाही" असा अहवाल आल्यास काय करायचे, यावर एक छोटी पण मोलाची टीप आहे. नमुना फार लवकर घेतला असेल किंवा आईचे वजन जास्त असेल तर गर्भाच्या डीएनएचे प्रमाण कमी भरते, पण काही गुणसूत्रदोषांतही ते कमी असते, म्हणून निकाल न मिळणे ही केवळ तांत्रिक अडचण मानून पुढची भेट लांबवू नये.

रक्तदोषांच्या विभागातली थॅलेसेमियाची कथाही याच जातीची आहे. वाहक ओळखण्यासाठी हिमोग्लोबिन ए२ मोजतात आणि ते साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असेल तर बीटा थॅलेसेमियाचे वाहकत्व सुचते. मात्र रुग्णाला लोहाची कमतरता असेल तर हेच प्रमाण खाली ओढले जाऊन वाहक व्यक्ती सामान्य भासू शकते. कथेतल्या गर्भवतीचा अहवाल ३.३ आहे, तांबड्या पेशी लहान आहेत, शरीरातला लोहसाठा दाखवणारे फेरिटिन तळाशी आहे आणि नवरा आधीच वाहक असल्याचे माहीत आहे. येथे अहवाल फाइलला लावून पुढे जाणे म्हणजे एक निर्णय नकळत घेणे होय, आणि ही गर्भवती असल्याने लोहाचा उपचार पूर्ण होईपर्यंत थांबण्याची मुभाही नाही. थेट जनुकाची तपासणी करावी का हा प्रश्न त्याच भेटीत डॉक्टरांपुढे मांडायला हवा. नवजाताच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेण्याची पद्धत रॉबर्ट गथ्री यांच्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या कामापासून रूढ झाली. तिच्याविषयीही अभ्यासक्रम हाच प्रश्न विचारतो: बाळाला आधी रक्त दिले होते का, दूध नीट सुरू झाले होते का, जन्मानंतर किती तासांनी नमुना घेतला? रक्त चढवल्यानंतर घेतलेल्या नमुन्यात हिमोग्लोबिनचे दोष झाकले जाऊ शकतात आणि फार लवकर घेतलेल्या नमुन्यात, फेनिलकीटोनुरिया या चयापचयाच्या दोषात वाढणाऱ्या फेनिलअलानिनची पातळी अजून चढलेली नसते.

या विभागात एक चूक आहे आणि ती दुरुस्त व्हायला हवी. दोन्ही पालक वाहक असतील तर "चार मुलांपैकी एक मूल बाधित होते" असे वाक्य दोन ठिकाणी छापले आहे. प्रत्येक गर्भधारणेत बाधित होण्याची शक्यता २५ टक्के असते आणि आधीच्या मुलाचा निकाल पुढच्यावर परिणाम करत नाही. पहिले मूल बाधित झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित आहेत असे समजून आलेली जोडपी मी स्वतः पाहिली आहेत आणि त्यांना ते कोणीतरी अशाच शब्दांत सांगितलेले होते. चिकित्सक विचार शिकवणाऱ्या मजकुरात हे वाक्य राहू नये.

कर्करोगाच्या विभागात काम केल्यामुळे मला सर्वांत जवळचा वाटला तो अनिश्चित अहवालांचा भाग. २०१५ पासून प्रचलित असलेल्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनुसार जनुकातील बदल पाच गटांत मांडले जातात: रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. मधला गट सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करतो. काही वर्षांपूर्वी मी काम करत असलेल्या ठिकाणी एका रुग्णाला बीआरसीए२ मधील असा अर्थ अनिश्चित बदल सापडला होता आणि तिला कोणीतरी "जनुकात दोष निघाला आहे" एवढेच सांगितले होते. ती दोन्ही स्तन काढून टाकण्याविषयी विचारायला आली तेव्हा अहवालातील तो शब्द मी स्वतः तिसऱ्यांदा वाचला. अशा बदलाच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये, नातेवाइकांची तपासणीही त्या आधारे सुरू करू नये, निर्णय तिच्या वैयक्तिक व कौटुंबिक इतिहासावर घ्यावा आणि पुरावा वाढल्यावर वर्गीकरण बदलू शकते म्हणून संपर्क कायम ठेवावा, हे तिला नीट समजावले गेले, पण त्याआधीचे तीन आठवडे तिने कसे काढले असतील याचा विचार माझ्या मनातून गेलेला नाही. अभ्यासक्रमातील संवाद जवळजवळ असाच आहे आणि परिचारिकेने वापरायची भाषा त्यात शब्दशः दिली आहे, याबद्दल मी संस्थेची मनापासून आभारी आहे.

त्याच विभागात निगेटिव्ह अहवालाचे दोन अर्थ वेगळे केले आहेत. घरातील बाधित व्यक्तीत नेमका कोणता बदल आहे हे माहीत असेल आणि तो रुग्णात नसेल, तर निगेटिव्ह निकालाला वजन आहे. घरात कोणाचीच तपासणी झालेली नसेल तर तोच निकाल फारसे काही सांगत नाही. थेट ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या चाचण्यांचा उल्लेख येथे ओघाने येतो: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा एका चाचणीला परवानगी दिली, पण ती बीआरसीए जनुकांतील केवळ तीन बदलांपुरती होती, आणि या जनुकांत ज्ञात घातक बदल हजाराहून अधिक आहेत. रुग्ण घरून निगेटिव्ह कागद घेऊन येतो तेव्हा त्यात काय तपासले होते हे विचारणे हे आपले पहिले काम आहे.

नैतिक प्रश्नांचा विभाग जुळ्या बहिणींच्या कथेवर उभा आहे. एकाच फलित बीजापासून झालेल्या दोन बहिणींच्या वडिलांना हंटिंग्टन रोग, म्हणजे मेंदूच्या पेशी हळूहळू नष्ट करणारा आणि बरा न होणारा आनुवंशिक आजार आहे. एका बहिणीला तपासणी हवी आहे, दुसरीला काही कळायला नको आहे. या रोगाचे जनुक १९९३ मध्ये सापडले. त्यातील सीएजी या तिहेरी अक्षरगटाची पुनरावृत्ती ४० किंवा त्याहून अधिक असेल तर सामान्य आयुर्मान लाभलेल्या व्यक्तीला आजार होतोच. एकीचा निकाल म्हणजे दुसरीचाही निकाल. युनेस्कोच्या १९९७ च्या मानवी जनुकसंचविषयक जाहीरनाम्यात आपल्या जनुकीय तपासणीचा निकाल जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा प्रत्येकाचा हक्क मान्य केला आहे, पण येथे दोन हक्क एकाच रक्ताच्या नळीत आहेत. अभ्यासक्रम या कथेला उत्तर देत नाही. रक्त घेण्याआधी कोणते संभाषण व्हायला हवे, कोणाशी, कोणत्या क्रमाने आणि निकाल कोणापुढे उघडायचा, एवढेच तो लिहून मागतो. मला हा भाग सर्वांत प्रामाणिक वाटला.

आता तक्रारी. औषध आणि जनुक यांच्या संबंधाला जेमतेम दीड पान दिले आहे, आणि परिचारिकेच्या हातून रोज जाणारी गोष्ट औषध आहे हे पाहता हे फार अपुरे आहे. अपस्मारावरचे औषध कार्बामाझेपिन आणि त्याच्यामुळे त्वचेची गंभीर प्रतिक्रिया होण्याचा धोका वाढवणारा एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार यांचा संबंध, ज्याबद्दल अमेरिकेत २००७ मध्ये इशारा देण्यात आला, तो एका ओळीत उरकला आहे. हा प्रकार आशियाई वंशाच्या अनेक लोकसमूहांत तुलनेने जास्त आढळतो आणि तपासणी निगेटिव्ह असली तरी अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा डोळ्यांची आग दिसताच औषध थांबवण्यासाठी ताबडतोब कळवावे लागते, हे दुसरे अर्धे सत्य दिलेलेच नाही. कोडीन या वेदनाशामकाचे शरीरात मॉर्फिनमध्ये अतिवेगाने रूपांतर करणारी मुले, ज्यांच्यामुळे २०१३ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वापराविरुद्ध सर्वांत कडक इशारा आला, यांच्यावर एक पूर्ण रुग्णकथा सहज रचता आली असती. नेहमीच्या मात्रेतही गुंगी वाढणारे आणि श्वास मंदावणारे मूल सर्वांत आधी परिचारिकेलाच दिसते.

दुसरी तक्रार अशी की जवळजवळ प्रत्येक कथेच्या शेवटी "जनुकीय समुपदेशकाकडे पाठवा" असे लिहून पडदा टाकला आहे. समुपदेशक उपलब्ध नसेल किंवा भेटीला दोन महिने लागणार असतील तर मधल्या काळात रुग्णाला काय सांगायचे, काय सांगायचे टाळायचे आणि हँडओव्हरमध्ये ते कसे नोंदवायचे, यावर एकही सराव नाही. नोंदींचा विषय तर पूर्णपणे सुटला आहे. एका नातेवाइकाचा जनुकीय अहवाल दुसऱ्याच्या केसपेपरवर लिहावा का, हा प्रश्न वॉर्डात दर आठवड्याला येतो.

आणि परीक्षा. आठ विभागांत विचार करायला शिकवून शेवटी चाळीस बहुपर्यायी प्रश्नांत पाठांतर तपासले आहे: कोणता रोग प्रभावी, कोणता अप्रभावी, वंशावळीत बाण कशासाठी. मला चांगले गुण मिळाले, पण त्या गुणांवरून जी६पीडीच्या रुग्णाला मी डोस दिला असता की नाही हे कोणालाही कळणार नाही. एकच रुग्णकथा देऊन "तुम्हाला अजून कोणती माहिती हवी आहे आणि ती मिळेपर्यंत काय कराल" असे विचारले असते तरी पुरले असते.

प्रसूती, नवजात, बालरोग, कर्करोग आणि रक्तदोष विभागांत काम करणाऱ्या परिचारिकांनी हा अभ्यासक्रम करावा असे मी स्पष्टपणे सांगेन. इतरांनी निदान पहिला, कौटुंबिक इतिहासाचा आणि अनिश्चित अहवालांचा असे तीन विभाग वाचावेत. विद्यार्थिनींनी तो एकटीने करण्याऐवजी दोघी-तिघींनी मिळून करावा, कारण कथांमधली उत्तरे वाचण्याआधी एकमेकींशी वाद घालण्यातच त्यांचा उपयोग आहे. वेळ कमी असेल तर एनआयपीटीचे गणित आधी स्वतःच्या हाताने सोडवून पाहावे, आणि पुढचा अहवाल हातात येईल तेव्हा त्यावरच्या आकड्याआधी नमुना कधी, कोणाचा आणि कोणत्या अवस्थेत घेतला हे वाचावे.